'जेपर्डी'च्या फळ्यावर उड्या मारणं ही बेइमानी कशी?

सुमेधा

काल इथे कुणीतरी लिहिलं की आर्थर चू आणि जेम्स होल्झहॉवर या खेळाडूंनी 'जेपर्डी' या अमेरिकन टीव्ही क्विझची पार वाट लावली, असले खेळाडू प्रेक्षकांना काडीची किंमत देत नाहीत. दोन ओळींत उत्तर देऊन सोडून देणार होते, पण ते डोक्यातून जाईना.

चूने असं काय केलं? फळ्यावर प्रत्येक रकाना एका विषयाचा, खाली जावं तसा प्रश्न अवघड आणि जास्त पैशांचा. सगळे एक विषय धरून वरून खाली उतरतात. हा पहिल्यापासूनच खालच्या ओळींत शिरला आणि एका रकान्यातून दुसऱ्यात उड्या मारू लागला, कारण डेली डबल, म्हणजे ज्याला सापडेल त्यानेच पैज लावून उत्तर द्यायचा खाना, बहुतेक वेळा खालच्या तीन ओळींत लपलेला असतो. एकदा त्याला क्रीडा विषयात डेली डबल लागला. पैज लावली पाच डॉलरची. प्रश्न वाचून होतो न होतो तोच म्हणाला, "माहीत नाही", आणि पुढे निघाला. लोक तिथेच भडकले. पण नीट बघा. त्या विषयात आपल्याला काही येत नाही हे त्याला ठाऊक होतं. डबल दुसऱ्याच्या हाती लागला असता तर त्याने हजारोंची पैज लावली असती. ती संधी चूने पाच डॉलरात फळ्यावरून पुसून टाकली. मला तर त्या क्षणी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

फळ्यावरचा कुठलाही खाना मागायची मुभा नियमातच आहे. वरून खाली जायची नुसती रीत पडली आहे. तीही १९८५ मध्ये चक फॉरेस्ट या खेळाडूने मोडली. अशा उड्यांना 'फॉरेस्ट बाउन्स' हा शब्दच त्याच्या नावाने आला. मग २०१४ मध्ये चूवरच एवढी आग का? ट्विटरवर त्याच्या चुरगळलेल्या शर्टावरून बोलले, वंशावरूनही बोलले. राग खेळावर होता, तर शर्ट मध्ये कुठून आला?

जुनाप्रेक्षक

काल लिहिणारा मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

वंशावरून बोलणाऱ्यांच्या पंगतीला मला बसवू नका, ते मी खपवून घेणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पक्षाघातानंतर माझ्या वडिलांना शब्द सापडायचे नाहीत. रोज आम्ही दोघं 'जेपर्डी' लावायचो. एका रकान्यात नद्या असल्या तर आधी दोनशेचा सोपा प्रश्न, मग चारशेचा. तोवर बाबांच्या डोक्यात नद्या जाग्या व्हायच्या. सहाशेला ओठ हलायचे. आठशेला, हजारला कधीतरी शब्द बाहेर पडायचा आणि ते माझ्याकडे बघायचे. २०१९ मध्ये होल्झहॉवर आला. या विषयातला हजारचा, लगेच त्या विषयातला हजारचा. बाबा चार दिवस बसले, पाचव्या दिवशी रिमोट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बंद."

कार्यक्रमाचे सूत्रधार अ‍ॅलेक्स ट्रेबेक यांनाही या उड्या आवडत नसत. विषय सोप्याकडून अवघडाकडे रचलेला असतो, वरचे प्रश्न सुटले की खालचे कळायला मदत होते, हे ते सांगत. तुमच्या नियमांत माझ्या बाबांना जागा कुठे आहे?

निरंजन७

तुम्ही दोघं उड्यांवर भांडताय. खरा अन्याय बझरचा आहे! तिघांनाही उत्तर येत असतं, पैसे मात्र ज्याचा अंगठा अचूक वेळी पडतो त्याला. सूत्रधाराचं वाचून व्हायच्या आधी दाबलं की पाव सेकंद तुमचा बझर बंद, तेवढ्यात दुसरा घेऊन जातो. हे ज्ञान की अंगठ्याची शर्यत?

कॉलेजात असताना एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या टेबलावरचा बझर अडकायचा. दोनदा तक्रार केली. आयोजक म्हणाले, "जोरात दाबा." नऊ प्रश्नांची उत्तरं येत होती, मिळाले दोन. आजही बझरचा आवाज आला की माझं डोकं उठतं.

पाउन्सबाउन्स

निरंजन, तुमचा बझर बिघडलेला होता. त्यावरून अख्खा बझर रद्द करायचा? प्रश्न वाचून संपल्यावर फळ्याच्या बाजूचे दिवे लागतात. दिव्याकडे बघून दाबायचं की वाचणाऱ्याच्या लयीवर, हे प्रत्येक जण सरावाने ठरवतो. होल्झहॉवर घरून सराव करून आला होता. बझर हे कौशल्यच आहे.

निरंजन७

कौशल्य आहे, पण कशाचं? उद्या दोरीच्या उड्याही ठेवा. वर्षानुवर्षं वाचन केलेला माणूस तिथे नुसता उभा राहतो. घरच्यांना वाटतं, याला काही येत नाही. दिवे घरी दिसतच नाहीत! माझ्या आईने त्या दिवशी मला विचारलं होतं, "गप्प का बसलास?" काय सांगणार होतो मी तिला?

पाउन्सबाउन्स

आईला सांगायला हवं होतं की बझर बिघडला होता. आम्ही पंधरा वर्षं क्विझ करतोय, हरल्यावर यंत्राला दोष देणारे ढिगाने पाहिलेत.

निरंजन७

हे वैयक्तिक होतंय. माझ्या हरण्याबद्दल तुम्हाला काडीची माहिती नाही. शब्द मागे घ्या.

अनघा

दोघंही शांत व्हा. बझरचा इतिहास जुनाप्रेक्षकांच्याच बाजूचा आहे. १९८४-८५ च्या पहिल्या वर्षी प्रश्न दिसला की लगेच बझर दाबता यायचा. घरी बसलेल्यांना प्रश्न वाचून व्हायच्या आत उत्तर ऐकू यायचं. पुढच्या वर्षीपासून वाचून होईपर्यंत थांबण्याचा नियम आला, तो प्रेक्षकांनाही सोबत खेळता यावं म्हणूनच. म्हणजे प्रेक्षकाचा हक्क कार्यक्रमानेच मानला आहे, सुमेधा. नियमात बसतं म्हणून विषय संपत नाही.

जाता जाता, 'कौन बनेगा करोडपती'बद्दल माझं दुखणं वेगळंच. तिथे आता प्रश्न कमी आणि घरच्या अडचणींच्या चित्रफिती जास्त. २००० साली हर्षवर्धन नवाथे कोटीला पोचले तेव्हा आम्ही श्वास रोखून बघत होतो तो प्रश्नांसाठी. उड्या मारणारा परवडला, तो निदान खेळतो तरी.

सुमेधा

अनघा, मुद्दा बिनतोड आहे, खळखळ न करता मानते. पण तो माझ्याच बाजूने जातो. प्रेक्षकांना त्रास झाला तेव्हा नियम बदलला, आधी पटापट दाबणाऱ्यांना कुणी बेइमान ठरवलं नाही. बरोबरीचंही तसंच. चू शेवटच्या पैजेत मुद्दाम बरोबरी होईल एवढंच लावायचा, कारण तेव्हा बरोबरीत दोघंही विजेते ठरत आणि मागचा खेळाडू निर्धास्तपणे सगळं पणाला लावायचा. २०१४ मध्येच पुढे टायब्रेकर आला. नियम बदला, माणसाला का झोडपता?

'केबीसी'त उत्तर येत नसताना खेळ सोडून पैसे घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो. चूचे पाच डॉलर याहून वेगळे कसे?

मला हे लागतं त्याला कारण आहे. शाळेच्या अंतिम फेरीत आम्ही पंधरा गुणांनी पुढे होतो. शेवटचा प्रश्न दहा गुणांचा, चुकलं तर दहा वजा. मी बझरवरून हात काढून मांडीवर ठेवला. सभागृहात हुर्यो झाली. ढाल हातात घेऊन उतरले तर आमच्याच बाई म्हणाल्या, "अशी भित्री मुलगी नको होती मला." गणित बरोबर केलं होतं हो मी. तेरा वर्षांची होते.

जुनाप्रेक्षक

बाई चुकल्या. हे लिहायला मला वेळ लागला, पण चुकल्या.

तरीही तुमचं आणि होल्झहॉवरचं एक नाही. तुम्ही एक प्रश्न सोडलात. तो रोज फळा उधळत होता, ३२ डाव, २४,६२,२१६ डॉलर.

पाउन्सबाउन्स

आणि त्या काळात प्रेक्षक वाढले. लोक खास त्याच्यासाठी टीव्ही लावत होते, हे सोयीस्कर विसरू नका. मायकेल लार्सनचं काय म्हणाल? १९८४ च्या 'प्रेस युअर लक' या अमेरिकन खेळातले दिवे पाचच ठरावीक क्रमांनी फिरतात, हे त्याने घरी व्हीसीआरवर थांबवून थांबवून ताडलं आणि १,१०,२३७ डॉलर नेले. वाहिनी कुरकुरली, पण नियम मोडला नव्हता म्हणून पैसे द्यावेच लागले. पुढे क्रम वाढवले. बेइमानी म्हणजे चार्ल्स इंग्रम, 'केबीसी'च्या मूळ ब्रिटिश कार्यक्रमात २००१ मध्ये खोकल्याच्या इशाऱ्यांवर दहा लाख पौंडांपर्यंत पोचलेला. त्याला कोर्टाने दोषी ठरवलं. या दोघांना एका माळेत ओवू नका.

निरंजन, 'ढिगाने पाहिलेत' हे मागे घेतो. बझरचं मत तेच आहे.

निरंजन७

माझंही.

जुनाप्रेक्षक

बेइमान हा शब्द काल मीही वापरला नव्हता, आणि इंग्रमशी तुलनाही केली नव्हती. ठीक आहे, 'वाट लावली' हेही मागे घेतो. चूचे पाच डॉलर पटले. होल्झहॉवर पटलेला नाही, पटणारही नाही.

सुमेधा

नका पटवून घेऊ. केन जेनिंग्जचे २००४ मधले 'जेपर्डी'चे डाव मिळाले तर बाबांना दाखवा. ७४ डाव जिंकला, आणि बहुतेक वेळ वरून खाली उतरत खेळला.

जुनाप्रेक्षक

बाबा मागच्या वर्षी गेले. मी बघेन.