तांब्यातलं पाणी, झिंक आणि माझे केस

हंडा_कळशी: सुनेनं हौसेनं माझे केस कुठल्याशा लॅबला पाठवले. रिपोर्ट आला: तांबं जास्त, लोह जास्त, झिंक कमी. उपाय काय, तर त्यांच्याच तीन बाटल्या, आणि तांब्याचा तांब्या बंद! चाळीस वर्षं मी रात्रीचं पाणी सकाळी पितेय. माझं मत, हे निव्वळ दुकान आहे.

पितळी_डबा: दुकान असेलही, पण तांबं निरुपद्रवी नाही. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 1983 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं दूध तान्ह्यांना पाजायचे, आणि त्या पोरांच्या यकृतात तांबं साचायचं. सिऱ्हॉसिसनं, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी झाल्यानं, दोन-तीन वर्षांची मुलं गेलीयत. भांडी बदलली आणि आजार जवळपास दिसेनासा झाला.

रोखठोक: अहो, ते दूध, आणि तेही तान्ह्यांना! दुधातलं प्रथिन तांबं धरून ठेवतं. पाण्याचं बोला. बेंगळुरूत 2012 मध्ये तपासलं होतं: 16 तास तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यात लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमहूनही कमी तांबं उतरलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे 2. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 1 मिलिग्रॅम लागतंच, आणि यकृत धड असेल तर जास्तीचं पित्तावाटे निघून जातं.

पितळी_डबा: आणि झिंकचं काय? दोघं एकमेकांच्या वाटेत येतातच ना?

रोखठोक: येतात, पण व्यवहारात बहुधा उलट्या बाजूनं. झिंक फार झालं की आतड्याच्या पेशी एक प्रथिन बनवतात, ते तांब्याला पकडून ठेवतं आणि पेशी झडली की तांबंही बाहेर. विल्सनच्या आजारात, म्हणजे जन्मजात दोषानं अंगात तांबं साचतं त्यात, झिंक देतात ते याचसाठी. कोविडनंतर 50 मिलिग्रॅमच्या गोळ्या महिनोन्‌महिने चघळणारे आमच्या बिल्डिंगमध्येच तिघं होते. तांबं घसरलं की लोह असूनही वापरता येत नाही, रक्त कमी. त्या तीन बाटल्यांत झिंक किती, ते आधी वाचा.

हंडा_कळशी: एकीत गोळीमागे 50 आहे. रोज दोन गोळ्या!

पितळी_डबा: काकू, त्या घेऊ नका. इथं मी रोखठोकच्या बाजूनं. पण लोह जास्त कसं? मेंदी लावता?

हंडा_कळशी: दर महिन्याला. लोखंडी कढईत भिजवून.

रोखठोक: झालं! केसांना बाहेरून लागलेलंही मोजलं जातं.

हंडा_कळशी: बरं, एक राहिलं. रात्री पाण्यात अर्धं लिंबू पिळते मी.

पितळी_डबा: तांब्यातच?

हंडा_कळशी: हो.

रोखठोक: काकू!! आंबटानं तांबं उतरतं. लिंबू सकाळी पेल्यात पिळा.