मदत हवी आहे : सांगलीत सूक्ष्मप्लास्टिक तपासणी

नमस्कार मंडळी. शुद्धीकरणानंतरही सांडपाण्यात किती सूक्ष्मप्लास्टिक, म्हणजे ५ मिलिमीटरहून लहान कण, उरतात यावर मी संशोधन करते. बरेचसे कण गाळात बसतात. तोच गाळ खत म्हणून शेतात गेला तर प्लास्टिकही जातं, याची मला जास्त काळजी वाटते.

परवा नाला कृष्णेला मिळतो तिथलं पाणी गाळलं. हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय घाण काढल्यावर गाळणकागदावर निळे-लाल धागे उरले. पॉलिस्टरचे असावेत, पण रंगवलेलं सूतही तसंच दिसतं, नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही.

सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात एफटीआयआर यंत्रावर (अवरक्त प्रकाशाने धागा कशाचा आहे ते ओळखणारं यंत्र) नमुने कुठे तपासून मिळतील? दर काय? शिवाय कुणाकडे रिकाम्या काचेच्या बरण्या असतील तर हव्या आहेत. प्लास्टिकच्या बाटल्या नकोत, त्यांचेच कण नमुन्यात मिसळतात.