भूतबंगला म्हणतो, मग भूतवाडा का नाही?

पेठेतला
काल मित्रांसोबत शनिवारवाड्यावरून चर्चा रंगली आणि एक जण म्हणाला की तो झपाटलेला वाडा आहे. मला ते ऐकायला कसंतरीच वाटलं. आमच्या घरी कुणी असं कधी म्हटलं नाही. आजी म्हणायची "तिथं आवाज येतो", बास. बरं, भूतबंगला हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे पण भूतवाडा मी तरी ऐकलेला नाही. पुण्यात पडके वाडे काय कमी आहेत का, मग शब्द बंगल्यालाच का चिकटला?

घाटावरची
झपाटणं माणसाला असतं हो. भूत माणसाला झपाटतं, भिंतीला कशाला झपाटेल. आमच्याकडे सातारा भागात माणसाला "लागिर झालं" म्हणतात आणि जागेबद्दल बोलायचं तर "ती जागा चांगली नाही" एवढंच. झपाटलेलं घर हे इंग्रजीवरून केलेलं आहे, हॉरर सिनेमांची नावं मराठीत करताना आलं असेल. चूक म्हणत नाही मी, आता रुळलंय, पण जुनं माणूस बोलताना आधी माणूस झपाटतो आणि मग लोक विचारतात की कुठल्या जागेवरून गेला होता.

गिरगावकर
+1. पछाडलेला चं पण तेच. त्यात पेपरवाले "भारताने ऑस्ट्रेलियाला पछाडले" असं हिंदीतून उचलून छापतात, म्हणजे आता भूत बसलं की मॅच जिंकली ते संदर्भावरून ओळखायचं 😄
भूतबंगल्याबद्दल माझा अंदाज सांगतो. बंगला हा शब्दच मुळात बंगालवरून आलेला, साहेबाच्या काळात कॅम्पात, सिव्हिल लाइन्सला वगैरे एकटी घरं उभी राहिली, भोवती मोठं कंपाउंड, झाडी, साहेब बदली होऊन गेला की कुलूप. वाड्यात एका चौकाभोवती आठ बिऱ्हाडं, रात्री दोनला पण कुणीतरी खोकत असणार, तिथं भुताला जागा कुठे मिळणार. वाडा रिकामा झाला की आपण ओसाड म्हणतो, पडका म्हणतो, त्यात भूत असलंच तर त्याचं नातं सुद्धा माहीत असतं.

पेठेतला
नातं म्हणजे?

गिरगावकर
म्हणजे नुसतं भूत नसतं ना, कोण ते ठरलेलं असतं. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, तो पिंपळावर (म्हणून एका जागी न टिकणाऱ्याला बारा पिंपळावरचा मुंजा म्हणतात). निपुत्रिक गेला आणि जीव इस्टेटीत अडकला तो समंध. समंध म्हणजे संबंधच, उच्चार घासलेला. वाड्याचं खरं भूत हेच, पुरलेल्या हंड्यावर बसलेलं. बंगल्यातला साहेब कोण कुठला कुणास ठाऊक, म्हणून तिथं सरसकट "भूत".

घाटावरची
वा, हे पटलं. आणि या हिशोबाने नारायणराव कशातच बसत नाही बघा. 30 ऑगस्ट 1773 ला गारद्यांनी मारलं तेव्हा वय अठराच्या आसपास, पण लग्न झालेलं, म्हणजे मुंजा नाही. गंगाबाई गरोदर होती, पुढच्या वर्षी सवाई माधवराव झाला, म्हणजे निपुत्रिक पण नाही, मग समंध कसा म्हणणार. म्हणूनच कदाचित लोक त्याला काहीच म्हणत नाहीत, फक्त "काका मला वाचवा" ऐकू येतं म्हणतात. अतृप्त आत्मा वगैरे हल्लीच्या टीव्हीवरचं. आणि मुख्य वाडा तर 1828 च्या आगीत गेला, तटबंदी, दरवाजे आणि जोती उरली, मग झपाटलेला वाडा म्हणताना नक्की काय झपाटलंय ते पण सांगा.

तळकोकण
आमच्याकडे वेगळाच कारभार. जुनं घर किंवा आवार असलं की "हय राखणदार असा" म्हणतात, गोव्यात देवचार म्हणतात. त्याला भूत म्हटलेलं कुणाला चालत नाही, तो मालक आहे, त्याचा मान वेळेवर दिला की झालं. इंग्रजी अर्थाने हॉंटेड म्हणाल तर म्हातारी माणसं चिडतील.
भुताळी बंगला असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं होतं, भुताळी जहाज सारखं. पण कोकणात भुताळी म्हणजे भुतं बाळगणारा माणूस, त्यामुळे मला ते बंगल्याचा मालकच जादूटोणा करतो असं वाटतं.

पेठेतला
मग मुंबईतल्या कुलाब्याच्या मुकेश मिलसारख्या जागेला काय म्हणायचं? 1982 च्या आगीनंतर बंद, मग शूटिंगवाल्यांनी तिच्या किती गोष्टी पसरवल्या. झपाटलेली मिल? भूतमिल? 😅

गिरगावकर
"तिथे भुताटकी आहे." हा शब्द आपण सगळे विसरलो होतो की काय. झपाटलेली म्हणायची गरजच नाही, जागेतल्या प्रकारालाच नाव आहे आपल्याकडे. फक्त त्यात थोडी टिंगल येते, खरोखर घाबरलेला माणूस भुताटकी म्हणणार नाही, तो म्हणेल "तिकडे काहीतरी आहे".

घाटावरची
काहीतरी आहे, हेच सगळ्यात बरोबर. रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही ना.
बाकी आमच्या घरी भूतबंगला हा शब्द दिवाळीच्या आधी रोज ऐकू येतो, "जाळी काढा, घराचा भूतबंगला करून ठेवलाय". तिथं भुताचा काही संबंध नाही, निव्वळ आळस. आमच्याकडे याच्या जागी भूतवाडा कुणीच म्हणत नाही. विदर्भ-मराठवाड्यात कुणी म्हणतं का? तिकडच्यांनी सांगा.