जेन्किन्समधून रिलीज नोट्स आपोआप काढायच्या आहेत, पण सोसायटीच्या सेक्रेटरीला कळतील अशा

ठाण्याची_टेस्टर
मंडळी, आम्ही हाउसिंग सोसायट्यांसाठी ॲप बनवतो. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सभेच्या नोटिसा वगैरे. ऑफिस अंधेरीला. प्रॉडक्शनला टाकायच्या दिवशी रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची यादी) लिहिणं माझ्या गळ्यात. म्हणजे संध्याकाळी एकेकाच्या डेस्कपाशी जाऊन "तू ह्यात काय बदललंस?" विचारायचं, आणि निम्मी जनता तोवर लोकल गाठायला पसार.

मॅनेजर म्हणाले, ऑटोमेट कर. केलं. जेन्किन्सच्या (कोडमधून आपोआप ॲप बांधणारा सर्व्हर) पाइपलाइनमध्ये करंटबिल्ड.चेंजसेट्स मधले कमिट मेसेज (कोडमधल्या प्रत्येक बदलाबरोबर लिहायची ओळ) गोळा करून फाइल बनवते आणि फास्टलेन हे टूल ती प्ले स्टोअरला चढवतं. आता निम्मे बदल गायबच असतात. बिल्ड फुटला म्हणून परत चालवला तर फाइल चक्क रिकामी येते. आणि जे येतं ते असं: "एनओसी कॅल्क राउंडिंग फिक्स", "रिव्ह्यू कमेंट्स", "परत एकदा".

हे वाचून दादरच्या एका सेक्रेटरी काकांचा फोन आला, "आमची बिलं चुकली होती का?" चुकलीच होती! भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, वरची "एनओसी") सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर काही रुपयांनी सरकत होतं. ती बिलं पुन्हा काढायला हवीत हे त्यांना आमच्याकडून कळायला हवं होतं.

कमिट मेसेजना शिस्त लावू, की जिराच्या (आमचं टिकिटांचं सॉफ्टवेअर) फिक्स व्हर्जनवरून, म्हणजे कुठलं टिकीट कुठल्या आवृत्तीत सुटलं त्यावरून, यादी काढू?

पार्ल्याचा_पाइपलाइनवाला
गायब बदलांचं सांगतो. चेंजसेट्स म्हणजे मागच्या *बिल्ड*नंतरचे बदल, मागच्या *रिलीज*नंतरचे नव्हेत. रोज चार बिल्ड होत असतील तर शेवटच्याचंच हाती लागणार, आणि नवीन कमिट नसताना परत चालवलं की शून्य. रिलीजला टॅग (गिटमधली नावाची खूण) मारा आणि दोन टॅगांमधला गिट लॉग, म्हणजे कमिटची यादी, घ्या.

मागचा टॅग असा मिळतो: गिट डिस्क्राइब --टॅग्ज --ॲब्रेव्ह=0 हेड^
शेवटचं ^ विसरू नका. नवा टॅग आधीच मारलेला असेल तर त्याच्याशिवाय तोच टॅग परत मिळतो आणि यादी पुन्हा रिकामी. जॉबमध्ये शॅलो क्लोन (फक्त शेवटचे काही कमिट उतरवणं) चालू असेल तर तेही बंद करा. इतिहासच उतरवला नाही तर टॅग सापडणार कुठून?

जुना_बिल्डवाला
वरचं सगळं बरोबर, पण त्याने काकांचा फोन थांबणार नाही.

गिट लॉग हा आपल्या लोकांसाठी. उद्या कोणीतरी बग शोधताना तो वाचेल, तिथे "राउंडिंग फिक्स" ठीक आहे. काकांना हवं ते वाक्य त्यात नाहीच, मग कुठलंही स्क्रिप्ट ते काढणार कसं? जिरातही तेच. टिकिटाचं शीर्षक बग *सापडला* तेव्हा लिहिलेलं असतं, "बिल चुकतंय" असं. ते रिलीज नोट म्हणून छापलंत तर आणखी फोन येतील.

ज्याने बदल केला त्यानेच, त्याच मर्ज रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती), एक छोटी फाइल टाकायची. नाव टिकिटाच्या नंबरावरून, आत एकदोन वाक्यं, वापरणाऱ्याच्या भाषेत. रिलीजच्या वेळी बिल्ड त्या फाइली जोडतो आणि पुसून टाकतो. पायथनवाल्यांचं टाउनक्रायर हेच करतं, पायटेस्ट आणि पिप दोघेही तसंच चालवतात. सगळ्यांनी एकाच चेंजलॉग फाइलीत लिहिलं की रोज मर्ज कॉन्फ्लिक्ट, दोघांचे बदल एकाच जागी भिडतात. गिटलॅबलाही तो त्रास होता, आणि वेगवेगळ्या फाइली करून तो कसा सोडवला ते त्यांनी 2018 मध्ये लिहिलंय.

खरं ऑटोमेशन अडवण्यात आहे. फाइल नसेल तर मर्ज रिक्वेस्टचा बिल्ड लाल. टाउनक्रायर चेक हे काम करतं, नसेल जमत तर पाच ओळींचं शेल स्क्रिप्ट पुरे. "वापरणाऱ्याला फरक नाही" अशीही एक जात ठेवा, नाहीतर पोरं टेस्ट दुरुस्त केल्यावर काहीबाही खरडतील. पहिले काही दिवस शिव्या खाव्या लागतात, टीम लीडला आधी पटवा.

तुमच्या कामात आणखी एक. पैशाशी संबंध असलेल्या बदलाला तिसरं वाक्य सक्तीचं करा: *आता तुम्ही काय करायचं.* "भाड्याने दिलेल्या फ्लॅटची मागची बिलं उघडून पुन्हा काढा." हे कुठलंही टूल सुचवणार नाही, ते कोड लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

ऐरोली_एपीआय
आमचं कन्व्हेन्शनल कमिट्सवर (कमिट मेसेजच्या सुरुवातीला बदलाचा ठरावीक प्रकार लिहायची पद्धत) छान चाललंय. फीट, फिक्स, ब्रेकिंग चेंज बघून व्हर्जन नंबरसुद्धा आपोआप ठरतो. अर्थात आमची लायब्ररी आहे, वाचणारेही डेव्हलपरच. तुमच्याकडे स्क्वॉश मर्ज (सगळे कमिट एकात गुंडाळून घेणं) असेल तर निदान "परत एकदा" तरी जाईल.

ठाण्याची_टेस्टर
टॅगचं आणि ^ चं लगेच केलं, यादी आता पूर्ण येते. फाइलींचं टीम लीडना पटलं, पण नवीन भानगड. प्ले स्टोअरला एका भाषेत 500 अक्षरांची मर्यादा, म्हणून जास्तीची ओळ कापणारा चेक लावला. इंग्रजी नोट नीट जाते. मराठी मात्र दोनतीन वाक्यांत संपते, तीही मोजली तर 500 च्या जवळपाससुद्धा नाही.

जुना_बिल्डवाला
डब्ल्यूसी -सी (मोजणारी कमांड) ने मोजताय ना? ते बाइट मोजतं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे तुमची मराठी पावणेदोनशेच्या आसपासच कापली जाते. डब्ल्यूसी -एम वापरा. तरी तोच आकडा आला तर एजंटच्या (बिल्ड चालवणारं मशीन) कंटेनरमध्ये लँग हे भाषेचं सेटिंग बघा. ते नुसतं सी असेल तर -एम सुद्धा बाइटच मोजतं, सी.यूटीएफ-8 करा. काना-मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात, त्यामुळे 500 मध्येही इंग्रजीइतका ऐसपैसपणा मिळणार नाही. आणि कापू नका. जास्त झालं तर बिल्ड लाल करा, नाहीतर नेमकं "पुन्हा काढा" हेच उडायचं.