मदत हवी आहे: सेकंड लाइफमध्ये नऊवारी विकते आहे, पण गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही

नमस्कार मंडळी,

सेकंड लाइफ हे २००३ पासून चालू असलेलं आभासी जग इथे कुणी वापरतं का? तिथले कपडे, घरं, फर्निचर बहुतेक सगळं तिथे वावरणारी माणसंच बनवतात आणि लिंडन डॉलरमध्ये विकतात. साधारण २५० लिंडन म्हणजे एक अमेरिकन डॉलर.

मी ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये तिथल्या अवतारांसाठी (म्हणजे आपण ज्या बाहुलीच्या रूपात तिथे वावरतो तिच्यासाठी) नऊवारी बनवली आहे. सात महिने लागले, त्यातले चार एकट्या काष्ट्याला. अवतार चालायला लागला की काष्टा मांडीत घुसायचा, खाली बसला की निऱ्या जमिनीत जायच्या. आजी जन्मभर इरकली लुगडं नेसली, पण तिचे सगळे फोटो समोरूनच. शेवटी मावशीला नेसायला लावून चारी बाजूंनी व्हिडिओ काढले, तेव्हा कुठे जमलं.

किंमत ३४९ लिंडन ठेवली. चार महिन्यांत १४ गेल्या. मार्केटप्लेसचं, म्हणजे सेकंड लाइफच्या ऑनलाइन बाजाराचं, १० टक्के कमिशन वजा जाता साडेसतरा डॉलर झाले. पेपालवरून ते बँकेत येतात, तो प्रश्न नाही.

प्रश्न शोधशब्दांचा आहे. नुसतं 'नऊवारी' लिहिलं तर कुणी शोधतच नाही. 'बॉलीवूड साडी' लिहिलं की लोक येतात, पण त्यांना उघड्या पोटाची पाचवारी हवी असते. एकीने 'साडी आहे तर मध्ये विजारीसारखी का?' म्हणून एक तारा दिला. फोटो-ब्लॉग चालवणाऱ्या आठ जणींना फुकट प्रती दिल्या. दोघींनीच फोटो टाकले, आणि दोघींनीही खाली 'बॉलीवूड ड्रेस' लिहिलं. मला फार लागलं ते.

भाचा म्हणतो, रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळांच्या जगात जा. २०२१ च्या मे महिन्यात तिथे गुचीची एक डिजिटल पर्स खऱ्या पर्सपेक्षा महाग, ३,५०,००० रोबक्सला (रोबक्स हे तिथलं चलन) परत विकली गेली म्हणे. पण तिथल्या ठोकळ्यासारख्या बाहुलीवर निऱ्या काय दिसणार?

नाव न बदलता ही वस्तू अनोळखी माणसापुढे कशी मांडावी? जाणकारांनी कृपया सांगा.

---

प्रतिसाद १

ताई, मी तिथे बरीच वर्षं फर्निचर विकतो. तुमचं पान पाहिलं. पाचही चित्रांत बाई समोरून, स्तब्ध उभी आहे. मग काष्टा दिसणार कुठून? पहिलं चित्र पाठीमागून घ्या. आणि तिला घोड्यावर बसवा! सेकंड लाइफमध्ये ऐतिहासिक आणि काल्पनिक राज्यांची भूमिका वठवणारे कितीतरी गट आहेत. घोडा, तलवार, धावपळ यांत लांब झगा पायात येतो, म्हणून त्या बायका कपडे शोधतच असतात. नऊवारी त्याच कामाची. नाव 'नऊवारी' ठेवा, शोधशब्दांत घोडेस्वारी, योद्धा, नर्तकी घाला. 'बॉलीवूड' काढून टाका. चुकीचं गिऱ्हाईक आणून तारे घालवण्यापेक्षा थोडं कमी आलेलं परवडतं.

डेमो ठेवलाय ना? अंगाला बसतंय की नाही हे बघितल्याशिवाय तिथे कपडा कुणी घेत नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. फक्त इतक्यात जागा भाड्याने घेऊन दुकान थाटू नका. २००६ मध्ये अमेरिकन ॲपरल या कपड्यांच्या कंपनीने तिथे मोठं दुकान उघडलं आणि २००७ मध्ये बंदही केलं. तेव्हा तिथे आलेल्या अशा कंपन्यांच्या इमारतींत बोलायला माणूस नसायचं. त्यापेक्षा दोन-तीन गटांत स्वतः नऊवारी नेसून जा, आठवडाभर नुसत्या वावरा. कुणीतरी विचारतंच.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. डेमो आहे, पण तो फक्त एकाच बॉडीसाठी (अवताराच्या अंगाच्या एकाच साच्यासाठी), बाकीच्यांचेही करते. पाठीमागून चित्र घ्यायचं सुचलंच नव्हतं, आणि चार महिने त्याच बाजूवर घालवले होते! काल रात्री घोड्यावर बसवून पाहिलं. काष्टा छान राहतो, पण खोचलेला पदर खोगिरात अडकतो. अवतार बसलेला असताना पदराचं वेट पेंटिंग (कपड्याचा कुठला भाग अवताराच्या कुठल्या हाडाबरोबर हलेल हे ठरवणं) कुठल्या हाडाला द्यावं, कमरेच्या की पाठीच्या? कुणी केलं असेल तर सांगाल का?