वेळास, हरिहरेश्वर, जंजिरा: दोन दिवसांत जमेल का?

प्रश्न: मार्चअखेरच्या शनिवार-रविवारी पुण्याहून कारने निघतोय. सोबत आई (वय ६८) आणि दोन मुलं. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना नक्की दिसतील ना?

उत्तर १: नक्की कोणीच सांगू शकत नाही. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, वाळूच्या तापमानावर मागेपुढे होतं. पिल्लं सकाळी सातच्या नि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात, म्हणून मुक्काम वेळासलाच करा, दोन संधी मिळतात. निघण्याआधी गावात फोन करून विचारा. फ्लॅश, टॉर्च बंद; पिल्लं उजेडाकडे वळतात. पिल्लांच्या वाटेला लावलेली दोरी ओलांडू नका, पावलांच्या खड्ड्यांत ती अडकतात.

उत्तर २: जंजिरा सोडा. किल्ल्यावर जायला राजपुरीच्या धक्क्यावर रविवारी होडीसाठी रांग, वर किल्ल्यात ऊन आणि पायऱ्या. आईंचे हाल होतील. त्यापेक्षा वेळासजवळचा बाणकोट किल्ला बघा, सावित्रीची खाडी समुद्राला मिळते ती वरून छान दिसते. मग वेसवीहून फेरीबोटीत गाडी घालून खाडीपलीकडे बागमांडला, पुढे हरिहरेश्वर जवळच. फेरी चुकली तर म्हाप्रळ-आंबेतमार्गे रस्त्याने मोठा वळसा.

उत्तर ३: हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्रकाठच्या खडकांवरून जाते, म्हणून ती ओहोटीतच, भरतीच्या वेळा आधी बघून ठेवा. खडकावर शेवाळं असतं, आईंनी देवळातच थांबलेलं बरं.