ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची मासिकांतील परीक्षणे कितपत उपयोगी?

निपाणीकर: आमच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण संगणकावर करावयाचे आहे. सॉफ्टवेअर निवडताना मासिकांतील परीक्षणांवर कितपत विसंबावे?

बेळगावकर: ब्रिटनमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या ‘साउंड ऑन साउंड’ या मासिकामध्ये परीक्षणांबरोबरच क्यूबेस, लॉजिक, प्रो टूल्स, रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या प्रत्यक्ष वापरावरचे सविस्तर लेख येतात आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे आहेत; कारण नव्या आवृत्तीचे कौतुक लवकर शिळे होते, परंतु अनेक ट्रॅक (प्रत्येक वाद्याचे वा गायकाचे स्वतंत्र मुद्रण) एकाच वेळी कसे घ्यावेत, ही माहिती वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

खानापूरकर: सहमत. रीपर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते, तेव्हा परीक्षणापेक्षा स्वतःच पारखावे. टाळांचा आवाज पखवाजाच्या मायक्रोफोनमध्ये शिरला, तर तो नंतर वेगळा काढणे अवघड असते. त्यामुळे मायक्रोफोन कोठे ठेवावा, यावरचे लेख आपण आधी वाचावेत.